मौद्याहून पहिली आलेली स्कूटर

ही गोष्ट मी अजून कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, पोरांजवळ नाही, आणि ज्या शेठच्या दुकानात माझी कानशिलं पांढरी झाली त्यांच्याजवळ तर मुळीच नाही. मग तुम्हालाच का सांगतोय? — खरं म्हणजे मलाही नीट कळत नाही. पण बसा जरा. उन्हातून आलात, आधी माठातलं पाणी घ्या. तहान लागायच्या आधी पाणी प्यावं, हे मी कितीतरी लोकांना शिकवलंय. आणि माझी लबाडी नेमकी या शिकवण्यातच आहे.

उन्हाळ्यात स्कूटर कशी चालवायची ते शिकायचं तर बर्डीवरच्या उस्तादाकडे जावं, असं आपल्या नागपुरात म्हणतात. तो उस्ताद म्हणजे मी. टाकी गळ्यापर्यंत भरू नका, उन्हानं पेट्रोल फुगतं. चाकातली हवा सकाळी बघा, चाक थंड असताना. दुपट्टा ओला करून बांधा — आधी कान, मग डोकं. खिशात कांदा ठेवा. डॉक्टर हसला तर हसू द्या. तापलेल्या इंजिनवर पाणी ओतू नका, त्याला सावलीत उभं करा आणि स्वतःही उभे राहा. डांबर चमकताना दिसलं की ब्रेक लावू नका. पुढे रस्त्यावर पाणी दिसेल, ते पाणी नाही. ते गाठायला म्हणून वेग वाढवू नका. हे सगळं मी झोपेतून उठवलं तरी घडाघडा म्हणतो. नवीन गिऱ्हाईक तोंडाचा आ करून ऐकतं, आणि शेठ गल्ल्यावर बसून मान डोलावतात.

यातलं एकही वाक्य माझं नाही.

आता म्हणाल, त्यात काय एवढं? सगळेच कुणाकडून तरी शिकतात. बरोबर आहे. एवढंच असतं तर मी कशाला तुमचा वेळ घेतला असता?

तर ऐका. सत्तर सालानंतरचे दिवस. स्कूटरसाठी नंबर लावून लोक वर्षानुवर्षं वाट बघायचे, आणि एकदाची मिळाली की मिरवायला बाहेर काढायचे ते भर मे महिन्यात. मग कुणाला चक्कर यायची, कुणी डांबरावरून घसरायचा, आणि बोल लागायचा दुकानाला. शेठना विकणारा नको होता, गाडी तर आपोआप विकली जायची. त्यांना शिकवणारा हवा होता. म्हणून त्यांनी शर्यत ठेवली. भर दुपारी बर्डीवरून निघायचं, तीसेक किलोमीटरवरच्या मौदा गावाला जायचं, तिथे दुकानाचा माणूस हँडलला लाल फीत बांधणार, की परत. गाडी बंद पडली तर बाद, माणूस पडला तरी बाद. जो सगळ्यांच्या आधी धड परत येईल त्याला कप — आणि दुकानात नोकरी.

आम्ही गोळीबार चौकातले, विणकरांच्या वस्तीतले. एकेका घरातला माग बंद पडत चालला होता. आमचा चालू होता, कारण बाबा हट्टी होते आणि कुसुमताई त्यांच्याहून हट्टी. ताई माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. बाबा उठले की ती मागावर बसायची, ती उठली की बाबा. मी मॅट्रिक होऊन नुसता घरी. मामा रेल्वेत होते, त्यांची बिलासपूरला बदली झाली, आणि त्यांची स्कूटर आमच्या अंगणात राहिली. सांभाळायला म्हणून ठेवली होती. आम्ही ती सांभाळली — चालवून सांभाळली.

बाबांना वाटायचं, ताई माझ्या मागे बसून हवा खायला जाते. गल्ली संपेपर्यंत ते खरं असायचं. गल्ली संपली की मी मागे आणि ताई पुढे. काय चालवायची! मी महिनाभर गिअर आणि क्लचच्या भांडणात अडकलेलो, आणि तिनं दोन दिवसांत गाडी आपलीशी केली. मागावर पाय खालच्या खड्ड्यातल्या पावड्यांवर, एक हात धोट्याच्या दोरीला, दुसरा फणीला — लहानपणापासून तिचे हातपाय वेगवेगळी कामं एका तालात करत आले होते. स्कूटर म्हणजे तिला बसून करायचं सोपं काम वाटलं. मग तिचं डोकं चालायला लागलं. बाबा दुपारी झोपले की ती म्हणायची, चाल, उन्हात नेऊन पाहू. टाकी भरून पाहिली, अर्धी ठेवून पाहिली. दुपट्टा कोरडा बांधून पाहिला, ओला बांधून पाहिला. मी मागे बसून कुरकुर करायचो. त्या मघाशी सांगितलेल्या सगळ्या गोष्टी तिनं अशा एकेक करून शोधल्या.

शर्यतीच्या आधी काही दिवस मी एकटाच सरावाला गेलो. पारडीच्या पुढे डांबर चमकत होतं. तिनं सांगितलेलं आठवलंही, तरी ब्रेक दाबला. पडलो. फार नाही, कोपर सोललं. पण पडताना तळहात त्या डांबरावर टेकला — आणि तेव्हापासून काय झालं कोण जाणे, चमकता रस्ता दिसला की मी गाडी कडेला घेऊन उभी करायचो. हे मी कुणाला सांगितलं नाही. भीती वाटते असं सांगायला जमतं का हो त्या वयात?

शर्यतीच्या दिवशी बर्डीवर बँड होता. शेठनी हिरवं निशाण हलवलं. सगळ्यांनी आपापले दुपट्टे बांधले, काळे चष्मे चढवले, आणि निघाले. मीही निघालो. गोळीबार चौक आला. सरळ गेलं की पारडी, आणि पुढे तो रस्ता, दुरून दिसत होता, लखलखत. डाव्या हाताला आमची गल्ली. गल्लीत सावली होती.

मी वळलो. स्कूटर वळली, असं मी स्वतःला पुष्कळदा समजावून पाहिलंय. स्कूटर कशी वळेल?

ताई मागावर बसली होती, पाय खड्ड्यात. बाबा आत घोरत होते.

“काहून गा वसंता, परत काहून आला?”

“पोटात लय दुखून राहिलं ताई. मले नाही होत.”

पोट दुखत नव्हतं. पोटाला काहीही झालेलं नव्हतं.

तिनं एकदा आत बाबांकडे बघितलं. मग खड्ड्यातून पाय वर ओढले आणि म्हणाली, “शर्ट काढ.”

आमची उंची सारखी. माझा शर्ट, माझी पँट, दंडाला घट्ट बसलेली बाही, वेणीचा अंबाडा, आणि वर आमच्याच मागावरचा पांढरा कपडा, ओला करून — आधी कान, मग डोकं, मग नाकातोंडावरून फेरा. वर माझा चष्मा. आणि समोर मीच उभा होतो! तुम्ही नागपूरचे आहात, तुम्हाला काय सांगायचं. मे महिन्यात आपल्या शहरात कुणाला चेहरा नसतो. बाप मुलाला ओळखत नाही, सावकार ऋणकोला ओळखत नाही. तिनं टोपलीतला एक कांदा उचलला, खिशात टाकला, आणि गाडीवर बसून फक्त एक गोष्ट बोलली.

“जिंकली तर शेठले सांगजो, बायायले शिकवाले माह्या बहिणीले ठेवा. बाया येऊन राहिल्या म्हणतात आता दुकानात.”

“हाव,” मी म्हणालो.

आणि ती गेली. सगळ्यांच्या शेवटी, धुराळ्यात.

पुढचं मी पाहिलेलं नाही. त्या संध्याकाळी अंगणात पाणी शिंपता शिंपता तिनं एकदाच सांगितलं, आणि मी पुढची वर्षानुवर्षं तेच स्वतःच्या तोंडानं सांगत आलो. पण आज तरी तिचं म्हणून सांगू द्या, कारण ते सांगताना माझा ऊर अजूनही भरून येतो. पारडीच्या पुढे सगळे घोडदौडीला लागले होते. ती आपल्या तालात. चमकत्या डांबरावर सगळे सरकत होते. ती कडेच्या खडीवरून, ब्रेकला पाय न लावता. एकानं इंजिन तापलं म्हणून वर बादलीभर पाणी ओतलं, आणि त्याची गाडी तिथेच बसली. एक जण रस्त्यावरचं खोटं पाणी गाठायला धावला आणि चक्कर येऊन कुंपणाला टेकून बसला. तिनं थांबून आपली पाण्याची बाटली त्याच्या हातात दिली — तोंडातून शब्द न काढता — आणि पुढे गेली. मौद्याच्या अलीकडे कडुलिंब आहे. तिथे ती थांबली! शर्यतीत थांबली! गाडीला सावली दिली, स्वतः उभी राहिली. उरलेले हसत, हॉर्न वाजवत तिच्यापुढे निघून गेले. मग कन्हानचा पूल. नदी आटलेली, खाली नुसती तापलेली रेती, आणि त्या रेतीवरून आडवी झळ अशी यायची की श्वास धरून, मान खाली घालून पूल ओलांडायचा. तिनं ओलांडला. मौद्याला फीत बांधून घेतली. आणि परत येताना ते हॉर्न वाजवणारे एकेक करून रस्त्याच्या कडेला भेटत गेले. कुणी प्लग पुसतोय, कुणी टाकीचं झाकण उघडून फुंकर मारतोय, कुणी रसवंतीच्या बाकड्यावर आडवा. तिचं इंजिन गुणगुणत होतं. पारडीला आली तेव्हा तिच्यापुढे कुणीही नव्हतं. कुणीही नाही! सगळ्यांच्या शेवटी निघालेली माझी बहीण भर मे महिन्यात, भर दुपारी, सगळ्या पुरुषांना मागे टाकून एकटी येत होती, आणि पारडीच्या टपऱ्यांवरचे लोक उठून टाळ्या वाजवत होते — एका वसंत नावाच्या माणसासाठी.

ती गल्लीत वळली. चष्मा काढला तेव्हा डोळे लाल होते आणि हसत होते. हातांकडे माझं लक्ष गेलं. मनगटापासून बोटांपर्यंत, जिथे बाही पोचत नव्हती, तिथे कातडी काळीठिक्कर पडली होती. तिनं आत जाऊन शर्ट काढला, बाहेर फेकला. तो ओलाचिंब होता, तिच्या घामानं. मागोमाग पँट आली. मी दोन्ही घातले. तोच दुपट्टा बांधला.

“जाय. हळू जाय, मांगं कोणी नाही,” ती म्हणाली.

गोळीबार चौक ते बर्डी. एवढी शर्यत मी धावलो.

बर्डीवर बँड वाजला, हार पडले, कुणीतरी मला खांद्यावर घेतलं. शेठनी माझा शर्ट चिमटीत धरून लोकांना दाखवला — घाम बघा पठ्ठ्याचा! कप हातात दिला. आता तुम्हाला वाटेल, हीच ती गोष्ट. नाही. थांबा. इथपर्यंतचं कदाचित मी कधीतरी कुणाला तरी हसत हसत सांगूनही टाकलं असतं. भावासाठी बहिणीनं केलं, त्यात लाज वाटण्यासारखं काही नव्हतं, उलट मिरवण्यासारखं होतं.

ताई लुगडं नेसून पायी पायी बर्डीला आली होती. समोर रसवंतीच्या गाड्याजवळ उभी होती. मी तिला बघितलं, तिनं मला. आणि नशीब बघा, मला काही बोलावंही लागलं नाही, शेठनी स्वतःच विषय काढला. भोंग्यावरून विचारलं की बायकाही हल्ली शिकायला येतात, त्यांच्यासाठी एखादी बाईच ठेवावी म्हणतो, काय वाटतं तुम्हाला?

दार उघडं होतं. सताड उघडं. मला फक्त बोट दाखवायचं होतं.

मी हसलो आणि म्हणालो, “शेठजी, मे महिन्याचं ऊन म्हणजे बाईमाणसाचं काम नाही. पारडीच्या पुढे रडत बसतील.”

सगळे हसले. बँडवाल्यानं ढोलावर एक थाप मारली. गाड्याजवळ ताईनं पदर पुढे ओढला आणि आपले दोन्ही हात त्याच्याखाली घेतले.

का बोललो? — विचारता ना? एखादी बाईही हे करू शकते असं त्या घटकेला कुणाच्या मनात आलं असतं, तर माझ्या हातातला कप लहान झाला असता. याहून मोठं कारण नाही. शोधून पाहिलं, सापडलं नाही.

घरी बाबांनी तिचे हात पाहिले. म्हणाली, खळ उकळताना अंगावर उडाली. सुताला लावायची खळ आमच्याकडे रोज उकळायची, बाबांना खरं वाटलं. मला मात्र एका शब्दानं बोलली नाही. संध्याकाळी ती सगळी हकीकत सांगितली ती काही रागानं नव्हे, तर उद्या दुकानात लोक विचारतील तेव्हा मला सांगता यावी म्हणून.

त्यानंतर दुकानात कुणी बाई शिकायला आली की शेठ म्हणायचे, उस्ताद म्हणतात बायकांना झेपत नाही. मी पुढ्यात उभा असायचो. किती जणी परत गेल्या ते मी मोजलं नाही. ताई पुढे नर्सिंग शिकली, लग्न होऊन उमरेडला गेली, तिथल्या आरोग्य केंद्रात लागली. बाळंतिणींच्या घरी खेडोपाडी जायची, कधी बसनं, कधी पायी. उन्हाळ्यातही.

मग ऐंशीनंतरच्या एका मे महिन्यात, दुपारी, दुकानासमोर रिक्षा थांबली आणि ताई उतरली. नंबर तिचा लागला होता. स्वतःच्या पगारातून, स्वतःच्या नावावर. मला काही कळवलेलं नव्हतं. आमच्या दुकानाची रीत अशी की नवीन गिऱ्हाइकाला उस्तादानं पास केल्याशिवाय गाडी घेऊन जायची नाही. शेठ हसत म्हणाले, घ्या, बहिणीची परीक्षा घ्या. ताईनं पिशवीतून पांढरा कपडा काढला, नळाखाली ओला केला, आधी कान, मग डोकं, आणि गाडीवर बसून म्हणाली, “बस मांगं. मौद्याले जाऊन येऊ.”

आणि मी बसलो. मौद्याच्या रस्त्याचा उस्ताद — मौद्यापर्यंत पहिल्यांदा गेला तो बहिणीच्या मागे, सीट घट्ट धरून! पारडीच्या पुढे डांबर चमकलं. माझा पाय आपोआप ब्रेक शोधायला लागला. ती कडेच्या खडीवर उतरली आणि गाडी लोण्यासारखी निघाली. काय ती ऐट, काय तो ताल. अंगाला झळ लागत होती आणि मला ओरडून लोकांना सांगावंसं वाटत होतं की बघा, ही बघा! मौद्याच्या अलीकडे तो कडुलिंब आला. तिनं गाडी सावलीत घेतली आणि पोटभर हसली.

“डाव्या हाताले सांगून राहिला ना गा तू लोकायले? उजव्या हाताले आहे.”

खरंच उजव्या हाताला होता. एवढी वर्षं मी तो डाव्या हाताला उभा केला होता, आणि एकाही गिऱ्हाइकानं मला टोकलं नव्हतं.

पुलावर ती थांबली. खाली तीच तापलेली रेती. तिनं तोंडावरचा फेरा सैल केला, माझ्याकडे न बघता विचारलं.

“त्या दिवशी पोट खरंच दुखत होतं का गा?”

“हाव,” मी म्हणालो.

तिनं फेरा घट्ट केला आणि किक मारली.

बर्डीला परत आलो तेव्हा शेठनी विचारलं, काय उस्ताद, पास का? मी म्हणालो, पास. सगळे हसले, तीही हसली, आणि तशीच भर उन्हात उमरेडच्या रस्त्याला लागली. चौक ओलांडेपर्यंत मी बघत राहिलो. पुढे ऐकलं की तिनं केंद्रातल्या नर्सबाईंना शिकवलं, मग शाळेतल्या बाईंना, मग शेजारणींना. कुणाची परवानगी नाही, कुणाचं दुकान नाही, घरामागच्या मोकळ्या जागेत. मागच्या उन्हाळ्यात मी उमरेडच्या बसमध्ये होतो. दुपारची वेळ. डोक्याला पांढरे कपडे बांधलेल्यांच्या तीन स्कूटरी बसच्या पुढे निघून गेल्या, कडेच्या खडीवरून, ब्रेकला पाय न लावता. बसमधला एक जण शेजाऱ्याला म्हणाला, काय सफाई आहे बघा, बर्डीच्या उस्तादाकडून शिकलेले दिसतात. एका स्कूटरच्या पुढच्या सीटवरून लुगड्याचा काठ उडत होता.

मी खिडकीत बसलो होतो. तेव्हाही काही बोललो नाही.

कप दुकानात आहे, काचेच्या कपाटात, माझ्या नावाचा. मौद्याहून सगळ्यांच्या आधी परत आली ती कुसुमताई होती. मी तेव्हा खाटेवर बसलो होतो. आणि पोट — नव्हतं दुखत, ताई.